नाकाच्या वाटेनं

३ जुलै

एमआरआयचा रिपोर्ट आला. मेंदूच्या तळाशी गाठ. कॅन्सर नाही, असं प्रत्येकानं इतक्यांदा सांगितलं की घाबरायचं किती ते बरोबर कळलं.

पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर वाढलीय आणि वर चढून डोळ्यांच्या नसांवर बसलीय. म्हणून दोन्ही कडांचं दिसत नव्हतं. आणि मी चष्मे बदलत होते. गेल्या आठवड्यात वासणा रोडवर उभ्या रिक्षाला स्कूटर घासली. रिक्षावाला ओरडला, "बेन, देखातुं नथी?" मीही ओरडले. नव्हतं दिसत. खरंच.

मिलिंद रिपोर्ट हातात धरून "बघू, बघू" करत बसला. (यापुढे मि. जास्त लिहिलं की डोळे ताणतात.) सईला पुण्याला फोन केला. ती आधी रडली, मग लगेच गूगल करायला लागली. आपली पोरगी.

७ जुलै

हॉस्पिटल. दोन डॉक्टर मिळून करणार. एक मेंदूचे, एक नाकाचे. डोकं उघडायचं नाही. नाकपुडीतून दुर्बीण घालायची, आतलं हाड फोडायचं आणि कवटीच्या तळातून गाठ खेचून काढायची. चेहऱ्यावर टाका नाही, व्रण नाही. मि.ला तेवढंच आवडलं.

मेंदूवाल्यांनी मि.ला विचारलं, "बेन शुं करे छे?" मी समोरच्याच खुर्चीत. मि. म्हणाला, "जॉब. नंदेसरीमां, केमिकल कंपनीमां." झालं. पुढचा प्रश्न बीपीचा.

मी वासाचं विचारलं. नाकवाले म्हणाले, "दोन-तीन महिना जशे. पछी आवी जाय. बहुतेकांचा येतो परत." म्हटलं बरं. मग डोळ्यांचं विचारलं. नाही केलं ऑपरेशन तर?

"तो आँखें जाएँगी," मेंदूवाले म्हणाले. वाईट बातमी ते हिंदीत सांगतात.

१० जुलै

रजेच्या आधीचा दिवस. साबणवाल्यांसाठी बनवलेला सुगंधाचा माल. मशीनचा रिपोर्ट फर्स्ट क्लास, पण कागदाची पट्टी बुडवून हुंगली तर खाली करपलेलं. दहा मिनिटांनी परत हुंगली. तेच. परत पाठवला. प्रॉडक्शनवाले वैतागले. दवेसाहेब नेहमीचंच बोलले, "मशीन जुठ्ठुं बोले, अनघाबेननुं नाक नहीं." मॅनेजर आहेत, पण माझ्या 'नाही'वर त्यांनी कधी 'हो' केलेलं नाही.

हेतलला सगळं सोपवलं. आली तेव्हा तिला गुलाब आणि जिरॅनियम वेगळं सांगता येत नव्हतं. आता माझ्या खालोखाल तीच. "बेन, चिंता ना करता, हुं छुं ने." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हटलं, वेडी आहेस का, महिन्या-दोन महिन्यांत येते.

शेवटचा ड्रम घाईत पास केला. बस निघत होती.

१५ जुलै

दिसतंय.

आयसीयूत डोळे उघडले तेव्हा समोर खिडकी. खिडकीच्या डाव्या कडेला पडदा, उजव्या कडेला सलाइनचा खांब. दोन्ही एकदम. मान न वळवता. किती वर्षांनी कुणास ठाऊक. मि. उजवीकडून आला आणि तो येताना दिसला. नेहमी अचानक उगवायचा.

नाकात बोळे. तोंडानं श्वास. घशाला कोरड. आत पाणी गळायला लागलं होतं म्हणे, मेंदूभोवतीचं. म्हणून नाकातलंच कातडं सोडवून, वळवून भोक बुजवलं. शिंक आली तर तोंड उघडून. नाक शिंकरायचं नाही. वाकायचं नाही. रडायचंही नाही.

रडले.

४ ऑगस्ट

घरी. दिवसातून चारदा नाकात मिठाचं पाणी. खपल्या पडतात, रक्ताळलेल्या, अख्ख्या. वास नाही. कशाचाच. सूज आहे म्हणतात.

भेटायला येणारे सगळे एकच म्हणतात. देवाचे आभार मानायला पाहिजेत, डोळे वाचले. मी मानते. मग ते पुन्हा म्हणतात. किती वेळा मानायचे?

३० ऑगस्ट

नाकवाल्यांनी व्यायाम दिला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. गाणं शिकवणाऱ्या बाईला 'सा' लावून बघा म्हणावं तसं. तरी करते. आठवतं सगळं. लवंगेचं आधी औषधी, मग गोडूस, मग मागून येणारं लाकूड. आठवणीत पूर्ण आहे. बाटलीत काही नाही.

सई व्हिडिओवर : "मम्मा, कोविडमध्ये कितीतरी लोकांचा गेला होता. बहुतेकांचा आला परत."

हा बहुतेक कोण माणूस आहे, मला एकदा भेटायचंय.

सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. गुडघे गेल्यापासून त्यांची अर्धी दुनिया तो पलंग, अर्धी खिडकीतली खुर्ची. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "गेलं ते गेलं. उगीच येईल येईल म्हणू नये." इतका राग आला की ताट आपटून ठेवलं. या घरात असं बोलायला जीभ कशी रेटते माणसाची.

आणि बाकी कुणी तरी खरं बोललंय का आत्तापर्यंत?

१६ सप्टेंबर

आजपासून कामावर. कंपनीच्या बसमध्ये सगळे उठून भेटले. "केम छो हवे?" मजामा. दवेसाहेबांनी विचारलं, "नाक?" मी म्हटलं, बराबर छे.

सुटलं तोंडातून. मग परत घेता येईना.

काय करते ते लिहून ठेवते. आधी मशीनचा आलेख बघते. मग कुठल्या बॅचला काय गडबड होऊ शकते ते आठवते, कारण प्रत्येक रिॲक्टरची खोड मला ठाऊक आहे. मग हेतलकडे पट्टी देते, "तू काय म्हणतेस?" आणि तिचं तोंड बघते. ती बोलायच्या आधी तिच्या नाकपुड्या बोलतात. मग मी माझं मत देते. आठवडाभर काढता येईल असं. दोन आठवडे. तोवर येईल.

२९ सप्टेंबर

हेतल मी पास केलेल्या पट्ट्या परत हुंगते. मी पाठ वळवली की. आज काचेत दिसलं. कडेचं दिसायला लागल्याचा फायदा.

७ ऑक्टोबर

तीन महिन्यांची तपासणी. मेंदूवाल्यांनी स्क्रीनवर दाखवलं, गाठ गेली, उजवीकडे थोडंसं उरलंय, रक्तवाहिनीला चिकटून होतं म्हणून मुद्दाम सोडलं, लक्ष ठेवू. डोळ्यांची चाचणी उत्तम. "सुपर्ब." नाकवाल्यांनी दुर्बीण घातली. जखम उत्तम भरलीय, खपली नाही, सूज नाही. "सुपर्ब." दोघेही पास. मी मध्ये बसले होते.

म्हटलं, वास अजून एक कण नाही. मला नोकरीसाठी लागतो. नाकवाल्यांनी दुर्बीण बाजूला ठेवली. "नोकरीसाठी?" मग सांगितलं काय करते ते. सगळं. पट्टी, ड्रम, पास, नापास.

त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "आधी सांगायचं ना, बेन. नाकात वरच्या बाजूला वासाचं कातडं असतं. भोक बुजवायला कातडं तर घ्यावंच लागलं असतं. पण वरची पट्टी शक्य तेवढी सोडली असती. वेळ लागतो जरा जास्त, पण सोडता येते."

वास आला असता का मग? "गॅरंटी नाही." पण सोडली असती.

गाडीत मि.ला विचारलं, तू त्यांना 'केमिकल कंपनीत जॉब' का म्हणालास. त्याला आठवतही नव्हतं. आठवल्यावर म्हणाला, "मग खोटं काय सांगितलं? आणि तुला तोंड नव्हतं?"

होतं. मला नव्हतं विचारलं कुणी. त्या दिवशी मी आंधळी होणार की नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण तुझ्या डोक्यात काय होतं? इतकी वर्षं एका घरात राहून बायको काय करते ते एका वाक्यात सांगता येत नाही? "तू रिफायनरीत काय करतोस ते मी व्हॉल्व्हसकट सांगू शकते," म्हटलं.

"सांग मग सगळ्यांना," तो म्हणाला आणि गाडीचा रेडिओ लावला.

१३ ऑक्टोबर

गल्लीत गरब्याचा मंडप बांधतायत. मि. आणि मी कामापुरतं बोलतो. दूध, चाव्या, आईंचं औषध.

१७ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं.

दवेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हेतल आधीपासून उभी. टेबलावर क्लिपला लावलेल्या तीन पट्ट्या. "बेन, नवां सॅम्पल छे. जरा जोई लो ने."

मला माहीत होतं चंदनासारख्या एका मालावर काम चाललंय. पहिली पट्टी नाकाशी धरली. डोळे मिटले, नेहमी मिटते तसे. म्हटलं, चंदन आहे पण कोरडं, जरा पेन्सिलच्या सालींकडे जातंय. दुसरी. ही बरी, दुधाळ आहे, पण टिकणार नाही. तिसरीला जास्त वेळ घेतला. वरून थोडं हिरवं येतंय म्हटलं, ते गेलं की खालचं लाकूड छान उघडतं, हीच पुढे न्या. छान बोलले. ओघात. मला स्वतःलाच तो वास यायला लागला होता जवळजवळ.

दवे टेबलाच्या काचेकडे बघत होते. म्हणाले, "अनघाबेन, त्रणे कोरी छे."

तिन्ही कोऱ्या. कशातच बुडवलेल्या नाहीत.

मी तिसरी पट्टी परत नाकाशी नेली. का, ते सांगता येणार नाही.

१८ ऑक्टोबर

दवे चांगले वागले. काढलं नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये बसा, पगार तोच, कुणाला काही सांगायची गरज नाही. "बीमारीमां शरम शानी, बेन? पण तमे मने कह्युं केम नहीं?" का नाही सांगितलं म्हणून आवाज दुखावलेला. रागावले असते तर मला भांडता आलं असतं.

वासाच्या खोलीची किल्ली हेतलच्या हातात दिली. ती "बेन..." म्हणाली. मी जिना उतरले.

घरी मि.ला सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी तर गेली नाही ना?" त्याला धीरच द्यायचा होता, हे कळतं मला. कळूनही उठून गेले.

पाडवा

काल फराळ विकत आणला. तळताना तेल जळलं तरी मला कळत नाही.

आज सकाळी शेजारचे पटेल काका-काकी 'साल मुबारक' करायला आले. आई खिडकीतल्या खुर्चीत नवं पातळ नेसून बसलेल्या. मी त्यांच्या अगदी शेजारी, वेताच्या मोड्यावर, मघापासून. डिश भरल्या, गप्पा चालू. काकींनी पदर नाकाला लावला. मला वाटलं सर्दी. मग काकांनी घड्याळ बघितलं. काकी उठल्याच, "बीजे पण जवानुं छे." अजून घरं करायची होती म्हणे. चकली तशीच राहिली. मि. आतून बाहेर आला आणि दारातच थबकला. म्हणाला, "आई..."

तेव्हा कळलं.

मि. तिकडे गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी आईंना न्हाणीत नेलं. पातळ सोडवलं, पाय धुतले, पाठ धुतली. माझ्याइतकी या कामाला लायक बाई बडोद्यात सापडायची नाही, ते एक.  अंग पुसताना त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं गं. सकाळीच. उठवेना. पण तू येऊन इतकी शेजारी बसलीस आणि काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, नसेल येत वास."

मी त्यांचे केस पुसत राहिले.

"मग तुझं आठवलं," म्हणाल्या. "पण तोवर ते येऊन बसले होते."

त्या मधल्या वेळात किती निवांत बसल्या होत्या. नवं पातळ, खिडकीतलं ऊन. मीच दिला होता तो निवांतपणा, आणि माझ्यामुळेच चारचौघांत त्यांची लाज गेली. नातेवाइकांचे फोन येतायत, शुभ दीपावली. आईंनी एकही घेतला नाही. जेवल्याही नाहीत.

२४ नोव्हेंबर

आला!!

सकाळी आमटीला फोडणी दिली आणि काहीतरी आलं. नाकात, वर, आत. कसलं ते कळलं नाही. पळभरच. पण होतं. मि.ला हाक मारली. तो ब्रश तोंडात घेऊन धावत आला, मी त्याला मिठीच मारली, किती महिन्यांनी. तोही हसत होता. सईला मेसेज. आईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं." एवढंच, पण हात धरला.

२८ नोव्हेंबर

फोडणी, चहा, टूथपेस्ट, साबण. सगळ्याला एकच वास. जळकं रबर आणि त्यावर सडलेला कांदा. दुसरं नावच सापडत नाही. आणि नावं सापडणं हेच तर माझं काम होतं.

चहा ओतून दिला. पोळीसुद्धा तशीच. दहीभात गार असेल तर जेमतेम खाली जातो.

नाकवाल्यांना फोन. ते खूश झाले, "बहु सरस! सारी निशानी छे. नसा जागी होतायत. सुरुवातीला तारा उलट्यासुलट्या जुळतात." सुलट्या कधी जुळतील? "कहेवाय नहीं, बेन. महिने, वर्ष. कधी कधी तशाच राहतात."

म्हणजे आता मला वास येतो. रेकॉर्डवर सुधारणा.

१२ डिसेंबर

माणसांनाही येतो. लिफ्टमध्ये चौघे शिरले की मी जिन्यानं जाते. मि. अंघोळ करून आला तर साबणाचा म्हणून जळकं रबर, नाही केली तर त्याचा स्वतःचा. घामाचा, केसांचा. पूर्वी त्याच्या मानेशी कापूर आणि लोखंड असा वास असायचा, रिफायनरीतून आला की. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्याला ते सांगितलं होतं तर लाजला होता.

काल पलंगावर तो सरकून जवळ आला. मी श्वास धरला. धरून धरून किती धरणार. उठले आणि मोरीत ओकले.

बाहेर आले तर दिवा लावून बसलेला.

"माझी किळस येते तुला?"

"तुझी नाही रे. वासाची."

"फरक काय?"

फरक आहे. 

१४ डिसेंबर

उशी घेऊन आईंच्या खोलीत झोपायला आले. तिथेही तोच वास, पण आईंना मी जवळ न येण्याचं काही वाटत नाही. त्यांनी विचारलं, "भांडलात?" म्हटलं, नाही. "मग वाईट आहे," म्हणाल्या.

१५ जानेवारी

काल उत्तरायण. सगळी सोसायटी गच्चीवर, पतंग, गाणी, उंधियुचे डबे. मी खाली. झाकण उघडल्याबरोबर जिन्यापर्यंत येतं ते.

दुपारी हेतल आली. चिक्की घेऊन, न कळवता. मी तिला खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिच्या अंगावर काहीतरी लावलेलं होतं, बहुतेक चांगलं असणार, ती वाईट लावणार नाही. माझ्यापर्यंत सडका कांदा. तिला वाटलं मी रागानं लांब उभी आहे. म्हटलं, वाटू दे.

म्हणाली, "बेन, पट्टीओ में कापी हती."

"माहीत आहे, तूच कापल्यास."

साहेबांनी सांगितलं म्हणून नाही म्हणे. तिनंच साहेबांना सांगितलं होतं. थांबली. मग सगळं एकदम. मी पास केलेला एक माल तिनं गुपचूप अडवला. कुणाला बोलली नाही. पुन्हा एक अडवला. रोज घरी जाऊन रडायची. मला विचारायची हिंमत होईना, कारण मी तिच्यापुढे डोळे मिटून इतकं सुंदर वर्णन करायची की तिला स्वतःच्याच नाकाची शंका यायला लागली. "मने थयुं, बेन खोटां होय ज नहीं." म्हणजे तिचंच चुकत असणार. तिसऱ्यांदा मग साहेबांकडे गेली.

"मला आधी एकटीला सांगायचं होतंस."

"तुम्ही मला सांगायचं होतं," ती म्हणाली. मराठीत. इतक्या वर्षांत माझ्याकडून शिकलेली.

 तिची चिक्की खाल्ली नाही. ती गेल्यावर खिडकी उघडी ठेवून बसले. बरोबर होती म्हणूनच माफ करवत नाही. चूक असती तर केव्हाच केलं असतं.

९ फेब्रुवारी

फाइली. बॅच नंबर, तारीख, सह्या. माझ्या जुन्या नोंदी येतात हाताखाली. 'वरून हिरवा, मध्ये मध, अखेरीस ओली माती. पास.' कोण ही बाई. भलतीच खात्री होती तिला.

मि. आता वेगळा साबण वापरतो, बिनवासाचा. सांगून नाही, आणून ठेवला. उपयोग नाही. तरी रोज वापरतो. मला ते दिसतं आणि मी काही बोलत नाही. मीही एक वाईट बाई होत चालले आहे.

२० मार्च

आज एक झालं. कुणाला सांगितलं नाही.

बस नंदेसरीत वळली. खिडकी उघडी होती. आणि तो आला. आंबट, झोंबणारा, नाल्यावरून येणारा, ज्याला नवीन माणूस रुमाल लावतो आणि आम्ही सगळे शिव्या देतो. तो. जसाच्या तसा. रबर नाही, कांदा नाही. आधी ॲसिडचं टोक, मग गंधकासारखं, मग खाली कुजलेल्या फळासारखं गोड. तिन्ही वेगळे ओळखू आले. तीन!

शेजारच्या बाई म्हणाल्या, "बारी बंध करो ने, बेन, केटली वास मारे छे!"

केली बंद. रुमालात तोंड घालून गेटपर्यंत रडले. त्यांना वाटलं डोळ्यांना झोंबलं.

२१ मार्च

परत आला. तिथेच. गाडीतून उतरल्यावर चहाला मात्र रबरच.

नाकवाले म्हणाले होते, सुलट्या जुळायला लागल्या की एकेक करून.

८ एप्रिल

अलकापुरीत एमआरआय. यंत्राच्या आत पडल्या पडल्या मी नंदेसरीचा वास आठवत होते, उलट क्रमानं.

११ एप्रिल

उरलेला तुकडा वाढलाय. वर सरकलाय, उजव्या नसेच्या दिशेनं. अजून टेकलेला नाही. डोळ्यांच्या चाचणीत उजव्या कडेला किंचित फरक, "मे बी."

परत ऑपरेशन. त्याच वाटेनं. रेडिएशन चालेल का? नस इतकी जवळ असताना आत्ता नको, आधी गाठ दूर केली पाहिजे. थांबलं तर? "थोडा थांबता येईल, पण दुसऱ्यांदा गेलेली नजर पहिल्यासारखी परत येईलच असं नाही."

तेवढ्यात मि. खुर्चीत पुढे सरकला. "सर, पहले सुन लीजिए. ये नाक से काम करती है. परफ्यूम का, अगरबत्ती का, सगळा माल हिच्या नाकानं पास होतो. मशीन से भी ऊपर. इनके नाक पे पूरी कंपनी चलती है. इस बार वो ऊपरवाली पट्टी बचाइए." पाठ केलं होतं त्यानं.  इतकं चांगलं त्यानं माझ्याबद्दल कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मी हसले. जोरात. दोन्ही डॉक्टर बघायला लागले. म्हटलं, "काम करायची, मिलिंद. आता फाइली लावते."

तो खाली बघत बसला. त्याला लागलं. त्याला लागावं असंच मला वाटत होतं. लागल्यावर मात्र...

नाकवाले हळू म्हणाले, एका बाजूचं कातडं वापरून झालंय. परत गळलं तर दुसऱ्या बाजूचं घ्यावं लागेल. आणि त्या भागातून पुन्हा जायचं म्हणजे, "स्मेल का तो... भूल जाइए."

यांनीही हिंदी धरली.

१३ एप्रिल

मोह होतोय हे कुणाला सांगू? सगळं गेलं तर रबरही जाईल. चहा नुसता गरम पाणी, चालेल. मि. नुसता मि. त्याच्या शेजारी झोपता येईल. ऑगस्टमध्ये ज्यावरून रडत होते ते आता पदरात घालतायत, तर हात पुढे होत नाही.

कारण नंदेसरी. आणि काल धुतलेल्या कोथिंबिरीत एक क्षणभर कोथिंबीर होती. शपथ. मग गेली.

आईंना विचारलं, तुम्ही काय केलं असतं. म्हणाल्या, "मला विचारू नकोस. मी डोळे म्हणेन. मला तुझे डोळे लागतात." स्वार्थी म्हातारी. पहिल्यांदा कुणीतरी स्वतःचं कारण सांगितलं, माझं भलं नाही.

१७ एप्रिल

हॉस्पिटलातून फोन. तारीख द्यायची आहे, सोमवारपर्यंत सांगा. "सारुं," म्हटलं.

२० एप्रिल

रविवार. सकाळी गॅलरीत उभी राहून डावा डोळा हातानं झाकला आणि समोरच्या टाकीकडे बघत राहिले. उजव्या कडेला कपडे वाळत घातलेले, ते दिसतात का. दिसतात असं वाटतं. मला माहीत आहे तिथे कपडे आहेत, मीच घातले.

मि. चहा घेऊन आला. स्वतःचा. माझ्यापासून चार हात लांब थांबला, आता सवय झालीय त्याला. म्हणाला, "काय करतेस?" सांगितलं.

त्यानं कप कठड्यावर ठेवला. "तू समोर बघ. मान हलवू नकोस." मग माझ्या उजवीकडे, मागे जाऊन उभा राहिला असणार. आवाज तिकडून आला. "मी हात पुढे पुढे आणतो. दिसला की सांग."

मी टाकीकडे बघत राहिले. वारा त्याच्याकडून येत होता. रबर. श्वास तोंडानं घेतला, हलले नाही.

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही."

पाऊल वाजलं. "आता?"

काहीतरी होतं. करडं, हलतं. हात असेल. तिथे हात आहे हे मला माहीतच होतं. दिसत होतं की मीच ते तिथे ठेवत होते, खात्रीनं सांगता येईना.

"अनू, आता?"

घरात फोन वाजायला लागला. बहुतेक सईचा. तो हात तसाच धरून उभा होता आणि मी टाकीकडेच बघत होते.